टकरी दुप्पट होत नाहीत, तरी वेग दुप्पट कसा होतो?

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण हीच शंका माझ्याही डोक्यात बरेच दिवस अडकून होती आणि कोणी नीट सांगत नव्हतं. तू लिहिलंयस की पुस्तकात दिलंय, तापमान 10 अंशांनी वाढवलं की रिअॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो कारण रेणू जोरात पळतात आणि टकरी वाढतात, पण हिशोब केला तर टकरी काही दुप्पट होत नाहीत, मग चूक कुठे? आणि खाली दुसरा प्रश्न, की कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) रिअॅक्शनला एनर्जी देतो का.

तुझा हिशोब बरोबर आहे. चूक त्या पुढच्या "कारण" मध्ये आहे.

रेणूंचा सरासरी वेग केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 25 अंश म्हणजे 298 केल्विन, 35 अंश म्हणजे 308. त्यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढलं की 1.017 येतं, म्हणजे टकरी दोन टक्क्यांनीसुद्धा वाढलेल्या नाहीत आणि रिअॅक्शनचा वेग मात्र शंभर टक्क्यांनी वाढलाय. उरलेलं सगळं कुठून आलं, हाच खरा विषय आहे.

आधी हे बघ की टकरींची टंचाई कधीच नसते. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला हवेतला एकेक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यावर आपटतो. प्रत्येक टक्कर कामाची असती तर वायूंमधली कुठलीही रिअॅक्शन डोळ्याची पापणी लवायच्या आत संपली असती. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका स्वच्छ काचेच्या भांड्यात एकत्र भरून ठेव, वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एक ठिणगी पडली की स्फोट. तयार होणाऱ्या पाण्याच्या एका मोलमागे, म्हणजे साधारण 18 ग्रॅममागे, 286 किलोज्यूल बाहेर पडतात, इतका घसघशीत फायदा समोर असून ते मिश्रण गप्प बसून राहतं. म्हणजे रिअॅक्शन फायद्याची आहे का आणि ती लवकर होते का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते शिकवताना सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

गप्प का बसतं, तर नवा बंध तयार व्हायच्या आधी जुना बंध ताणला जावा लागतो. मधे एक क्षण असा येतो की जुना अर्धवट सुटलाय आणि नवा अर्धाच धरलाय, फार अवघडलेली अवस्था असते ती, आणि तिची एनर्जी सुरुवातीच्या रेणूंपेक्षा बरीच जास्त असते. तिथपर्यंत पोचायला जेवढी एनर्जी कमी पडते ती ऍक्टिव्हेशन एनर्जी. धडकेत तेवढा जोर नसेल तर रेणू आपटतात, परत फिरतात, संपलं.

आता आकडे बघ, यातच तुझं उत्तर आहे. समजा ऍक्टिव्हेशन एनर्जी मोलला 50 किलोज्यूल आहे. 25 अंशांना पुरेशा जोराच्या टकरी किती, तर अब्जात पावणेदोनच्या आसपास. होय, अब्जात! आणि 35 अंशांना? अब्जात सव्वातीन. म्हणजे गर्दी तेवढीच राहिली, आपटाआपटी जवळजवळ तेवढीच राहिली, पण त्या मूठभर दांडग्या रेणूंची संख्या जवळपास दुप्पट झाली. सगळ्या रेणूंमधे एनर्जी सारखी वाटलेली नसते, बहुतेक मधे असतात आणि एक लांबलचक बारीक शेपूट वरच्या बाजूला पसरलेलं असतं, तापमान जरा वाढलं की सरासरी थोडीशीच सरकते पण ते शेपूट झपाट्याने जाड होतं. रिअॅक्शन त्या शेपटावर चालते, सरासरीवर नाही.

म्हणूनच "10 अंशांना दुप्पट" हा काही निसर्गाचा नियम नाही, हे कृपया डोक्यात पक्कं कर. ऍक्टिव्हेशन एनर्जी 50 च्या आसपास असली तरच, आणि तेही या तापमानाच्या टापूत, दुप्पट येतं. 100 किलोज्यूल असेल तर त्याच 10 अंशांत वेग 3.7 पट होतो, 20 असेल तर जेमतेम 1.3 पट. आणि नायट्रिक ऑक्साइडची ऑक्सिजनशी होणारी रिअॅक्शन तर तापवल्यावर उलट मंदावते. एंझाइमवाल्या (एंझाइम म्हणजे सजीवांमधले कॅटॅलिस्टचं काम करणारे प्रोटीन) रिअॅक्शन एका मर्यादेपर्यंत वाढतात आणि मग एंझाइमची घडीच उसवते, की वेग धाडकन खाली.

तुझी शंका जुनी आहे हेही सांगतो. साखरेचं ऍसिडमधे विघटन होतं त्या रिअॅक्शनवर 1889 मधे स्वीडनचा स्वांते आर्हेनियस हाच विचार करत होता, की तापमानाने वेग एवढा वाढतो तो नुसत्या रेणूंच्या धावण्याने वाढूच शकत नाही, म्हणजे कुठल्याही क्षणी थोडेच रेणू रिअॅक्शनला तयार असतात आणि तापमानाने त्यांची संख्या वाढते. त्याचं समीकरण आपण आजही वापरतो.

टकरींची संख्या खरोखर कुठे महत्त्वाची, तर कॉन्सन्ट्रेशनमधे, म्हणजे द्रावणात पदार्थ किती दाट आहे त्यात. सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक ऍसिडचा प्रयोग केला नसशील तर नक्की कर. कागदावर फुली काढायची, तिच्यावर फ्लास्क ठेवायचा, ऍसिड ओतून घड्याळ सुरू करायचं आणि वरून बघत राहायचं. आधी काहीच दिसत नाही, मग पाण्यात दुधाचे दोन थेंब पडल्यासारखी पांढुरकी छटा येते, ती पिवळसर होत जाते, गंधकाचे कण आहेत ते, आणि एका क्षणी फुली दिसेनाशी होते. थायोसल्फेट निम्मं घेतलं की वेळ साधारण दुप्पट लागतो. हा प्रयोग खिडकी उघडी ठेवून आणि थोड्याच प्रमाणात कर, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो घशाला झोंबतो. पण हे गणित सगळीकडे लावू नको, काही रिअॅक्शनमधे एखादा पदार्थ वाढवून वेगात काडीचा फरक पडत नाही, कारण सगळ्यात मंद पायरीत त्याचा सहभागच नसतो. हे रिअॅक्शनच्या रासायनिक समीकरणाकडे बघून कळत नाही, प्रयोगानेच ठरतं.

घन पदार्थाचं थोडक्यात सांगतो: एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं क्षेत्रफळ 6 चौरस सेंटिमीटर, त्याचेच एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले की 60. आतल्या अणूंपर्यंत कोणी पोचतच नाही, म्हणून भुकटी झटपट पेटते.

आता कॅटॅलिस्ट. नाही, तो एनर्जी देत नाही. तो मधे पडून रेणूंशी तात्पुरते बंध करतो आणि वेगळाच मार्ग काढून देतो, ज्यात ती अवघडलेली अवस्था एवढी अवघड राहत नाही. म्हणजे दांडग्या रेणूंची संख्या वाढत नाही, दांडगं असायची अटच सैल होते. हायड्रोजन पेरॉक्साइडमधे चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं की क्षणात फसफसून वाफ आणि फेस वर येतो, आणि नंतर ती काळी भुकटी गाळून, वाळवून वजन केलं तर तेवढीच्या तेवढी. वाफ दिसते म्हणून लोकांना वाटतं की कॅटॅलिस्टने एनर्जी दिली, पण ती उष्णता पेरॉक्साइडची स्वतःचीच असते, एरवी सावकाश निघाली असती ती एकदम निघाली.

अजून एक, कॅटॅलिस्ट समतोल, म्हणजे शेवटी किती पदार्थ तयार होऊन गाडी थांबते ते, हलवत नाही, पुढची आणि मागची दोन्ही रिअॅक्शन सारख्याच पटीने वाढवतो. हाबर प्रक्रियेत, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करताना, वेग आणि समतोल यांची ओढाताण दिसते: थंड ठेवलं तर अमोनिया जास्त मिळू शकतो पण रिअॅक्शन संपता संपत नाही, तापवलं तर लवकर होतं पण कमी मिळतो, म्हणून लोखंडाचा कॅटॅलिस्ट घालून 400 ते 500 अंशांवर तडजोड करतात आणि कमी मिळण्याची भरपाई प्रचंड दाबाने करतात.

आता एक काम कर, पुरेशा जोराच्या टकरींचं प्रमाण स्वतः काढून बघ. कॅल्क्युलेटर घे, ऍक्टिव्हेशन एनर्जी ज्यूलमधे घेऊन तिला 8.314 (हा वायू स्थिरांक) गुणिले केल्विन तापमानाने भाग, आलेल्या आकड्याला उणे चिन्ह लावून ई चा घात काढ. 298 आणि 308 साठी, 20, 50 आणि 100 किलोज्यूल घेऊन. सहा आकडे येतील, ते इथे टाक, कुठे अडलं तर बघू.