शनिवारची डेडलाइन आणि घरातली माणसं : फँटसी फुटबॉलविषयी प्रश्नोत्तरे

ऑगस्टमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत फँटसी फुटबॉलचा विषय वाढतो. काही पत्रं खेळणाऱ्यांची असतात, बरीचशी त्यांच्या घरच्यांची. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. त्यातले ११ खेळवायचे, उरलेले बेंचवर, म्हणजे राखीव. दर आठवड्याला एक कॅप्टन नेमायचा, त्याचे गुण दुप्पट. हे खेळाडू खऱ्या मॅचमध्ये जे करतील त्याचे गुण आपल्या टीमला मिळतात. असे ३८ आठवडे. मित्र किंवा ऑफिसातली मंडळी आपापसांत छोटी लीगही करतात, तिच्या तक्त्यावर कोण वर ते दिसतं. प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ फुकट आहे आणि जगभरात १ कोटीहून जास्त लोक तो खेळतात. त्यात नागपूरची पोरंही बरीच आहेत.

प्रश्न : मी मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे, वय ३१, मुलगी दीड वर्षाची. सकाळी डोळे उघडले की आधी खेळाडूंचे भाव बघतो. मीटिंग चालू असताना कोण जखमी झालं ते वाचतो. मागच्या महिन्यात मेहुण्याच्या साखरपुड्यात बाथरूममध्ये जाऊन कॅप्टन बदलून आलो. रात्री दीडला उठून स्कोअर बघतो. मला व्यसन लागलंय का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आहे. त्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं आणि काम, घर, तब्येत यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं. एका पत्रावरून असं निदान मी करणार नाही, कोणी करूही नये. पण तुम्ही जे लिहिलंय ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही, आणि त्यावर आजपासून काम करता येईल.

हा खेळ डोक्यातून का जात नाही, याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं : मॅच ९० मिनिटांची असते, पण टीम आठवडाभर उघडी असते. खेळाडूंचे भाव बदलतात तेव्हा आपल्याकडे सकाळ होत असते. गुरुवारी-शुक्रवारी प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा. आठवड्यातल्या पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी टीम बंद होते. म्हणजे बहुतेक शनिवारी आपल्याकडे दुपारी साडेतीनला, आणि ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं मागे गेली की साडेचारला. 'झालं, आता यावर विचार करायचा नाही' असा क्षण हा खेळ स्वतःहून देत नाही. तो तुम्हाला आखून घ्यावा लागेल.

दुसरं कारण जास्त खोल आहे. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना लॉटरीचं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींना नुसतं हातात दिलं. नंतर ते विकत मागितलं, तेव्हा स्वतः निवडणाऱ्यांनी साधारण चौपट किंमत सांगितली. तिकीट लागण्याची शक्यता दोघांची सारखीच होती. फँटसीत अभ्यासाला जागा आहे, हे मी मान्य करते. लॉटरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण एका आठवड्याच्या निकालात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. कॅप्टनने पेनल्टी चुकवली, बेंचवर ठेवलेल्याने दोन गोल केले, हे तुमच्या अभ्यासातून निघालेलं नसतं. तरी निवड तुमची होती म्हणून चूकही तुमची वाटते, आणि ती भरून काढायला तुम्ही आणखी वाचत बसता.

आता करायचं काय. टीमचा निर्णय शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर, अर्ध्या तासात. तोवर बहुतेक पत्रकार परिषदा आटोपलेल्या असतात. शुक्रवारीच मॅच असेल तर गुरुवारी रात्री. उपकॅप्टन नीट विचार करून नेमा आणि बेंचचा क्रम लावून ठेवा. कॅप्टन मैदानात उतरलाच नाही तर दुप्पट गुण आपोआप उपकॅप्टनला मिळतात, आणि न खेळलेल्याच्या जागी बेंचवरचा येतो. ही सोय खेळातच आहे, म्हणून साखरपुड्यात बाथरूम गाठायची गरज नाही. ॲप फोनमधून काढा, टीम लॅपटॉपवरच लावा. रात्रीची मॅच आपल्याकडे साडेबारा-दीडला सुरू होते तेव्हा टीमला कुलूप लागलेलं असतं, तुम्हाला काहीही बदलता येत नाही. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून झोपा.

आणखी एक करा. काही आठवडे वहीत लिहा : हात फोनकडे गेला, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं? कंटाळवाणा रिपोर्ट, बॉसचा मेल, की मुलीचं रडणं? माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या वहीत फुटबॉलशी संबंध नसलेलंच काहीतरी निघतं, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं. एवढं करूनही झोप आणि काम रुळावर येत नसेल, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आम्ही प्रतापनगरला राहतो. मुलगा बारावीत, जेईईचा क्लास लावलाय. दिवसभर याच खेळाचं. 'आई, हे फुकट आहे, जुगार नाही' म्हणतो. आम्ही वायफाय बंद केलं तर दोन दिवस धड जेवला नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

तो बहुधा खरं बोलतोय. लीगच्या अधिकृत खेळात पैसे लागत नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावले की तो बंदीत आला. आपल्याकडच्या मोठ्या फँटसी ॲपनी तेव्हाच पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तरी परदेशी साइट आणि टेलिग्रामवरचे 'पक्क्या टिप्स'वाले ग्रुप यांच्यापासून सावध राहायला हवं. यूपीआयमधून वरचेवर जाणाऱ्या छोट्या रकमा, मित्रांकडून उसनवारी, एखादी वस्तू अचानक 'हरवणं', यावर लक्ष ठेवा. आणि मुलाला हे स्पष्ट सांगा की या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. पैसे गेले असतील तर पोरं पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात आणि आणखी गाळात जातात.

माझी खरी काळजी दुसरी आहे. क्लासमध्ये दर टेस्टनंतर रँक लागते. तुमचा मुलगा त्यात कुठे आहे हे तुम्ही लिहिलं नाही. मित्रांच्या लीगमध्ये तो कितवा आहे, ते त्याला विचारा. शाळेत पहिल्या पाचात असलेली मुलं क्लासला गेल्यावर शंभरात जातात. हे दुःख ती घरी बोलत नाहीत, कारण फी भरताना वडिलांचा चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. अशा वेळी ज्या एका तक्त्यावर आपलं नाव वर दिसतं, तो तक्ता मुलगा सोडत नाही. वायफाय बंद केल्यावर त्याचं जेवण तुटलं ते मला यामुळे वाटतं.

म्हणून वायफाय चालू करा. शनिवारी त्याच्या शेजारी बसून एक मॅच बघा, 'हा माणूस का घेतलास' असं विचारा, तो समजावून सांगेल. त्या गप्पांत कधीतरी क्लासचा विषय निघेल. निघाला की उपदेश करू नका, ऐकून घ्या. नियम एकच ठेवा : टीम शुक्रवारी रात्री लावायची आणि टेस्टच्या आदल्या रात्री मॅच नाही. तो पाळेल असं मला वाटतं, कारण यात त्याचा खेळ हिसकावला जात नाही.

प्रश्न : आमचे हे रविवारी कोणाशी धड बोलत नाहीत. टीम हरली की मुलांवर खेकसतात. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी चिडवलं तर संपलंच. मी काही म्हटलं की 'तुला नाही समजत'. मी काय करू?

आधी एक गोष्ट मनातून काढा : त्यांचा मूड सांभाळणं ही तुमची जबाबदारी नाही. त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगते, ते समजलं की बोलणं सोपं जाईल. बचावपटूच्या क्लबने गोल खाल्ला नाही तर त्याला ४ गुण मिळतात. ८८व्या मिनिटाला गोल झाला की हातात आलेले ते ४ गुण जातात. आलेलं गेलं की ते न आलेल्यापेक्षा जास्त झोंबतं, आणि त्याच मिनिटाला ग्रुपवर हसणारे चेहरे येऊ लागतात. माझ्या मते तुमच्या घरी गुणांपेक्षा ग्रुपचा त्रास मोठा आहे. ऑफिसातली चढाओढ रविवारी तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसते.

मॅच चालू असताना बोलू नका. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी शांतपणे म्हणा : 'अहो, खेळ सोडा असं मी म्हणत नाही. पण रविवारी तुम्ही पोरांवर ओरडलात तेव्हा धाकटी घाबरून आत गेली.' जे घडलं तेवढंच सांगा, 'तुम्ही नेहमीच असं करता' हे टाळा. मग दोन गोष्टी मागा : शनिवार-रविवार तो ग्रुप म्यूट, आणि रविवारचं दुपारचं जेवण फोनशिवाय. त्या वेळी इंग्लंडमध्ये जेमतेम सकाळ झालेली असते, मॅच नसतेच, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही. मात्र प्रकरण ओरडण्यापलीकडे, हात उगारण्यापर्यंत गेलं असेल, तर तो फुटबॉलचा प्रश्न राहत नाही. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, तिथे बोला.

प्रश्न : आमच्या ऑफिस लीगमध्ये हंगामाच्या सुरुवातीला सगळे दोन-दोन हजार काढतात. या वर्षी एकाने उसने घेऊन भरले. लीग मी चालवतो. बंद करू का?

लीग चालू ठेवा, पैसे परत करा, सगळ्यांचे. त्या एकट्याचे परत केलेत तर त्याची चारचौघांत शोभा होईल. शेवटी जो तळाला राहील त्याने सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालावेत, एवढी पैज पुरे.

प्रश्न : मी कामठीचा, कॉलेजपर्यंत लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळलो. आर्सेनलचा चाहता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्सेनल-लिव्हरपूल मॅच २-२ झाली. शेवटी लिव्हरपूलच्या सलाहने बरोबरी केली आणि मी टाळ्या वाजवल्या, कारण तो माझा कॅप्टन होता. बाजूला लहान भाऊ बसला होता, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. तेव्हापासून मॅच पाहून राहिलो की गुण मोजून राहिलो, काही समजत नाही. आधीची मजा परत येईल का?

येईल. सलाहला कॅप्टन करणं हिशेबाने बरोबरच होतं. त्या हंगामात त्याने ३४४ गुण मिळवले, एवढे या खेळात आजवर कोणी मिळवले नव्हते. तुम्हाला बोचलं ते हे, की हिशेब बरोबर असूनही तुम्ही तुमच्याच माणसांच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसलात. ज्याला हे बोचतं त्याचं फुटबॉलवरचं प्रेम शाबूत आहे.

तुम्ही लेफ्ट बॅक होतात, म्हणून तुमच्याशी जरा मोकळेपणाने बोलते. चांगला लेफ्ट बॅक मॅचभर काय करतो? समोरच्या विंगरला आत वळू देत नाही, त्याला रेषेकडे ढकलत राहतो. स्टॉपर पुढे गेला की त्याची जागा भरतो. वेळेवर ओरडून मिडफिल्डरला मागे बोलावतो. यातल्या कशालाच गुण नाहीत. २०२५-२६ पासून टॅकल, इंटरसेप्शन अशा गोष्टी ठरावीक संख्येने झाल्या तर २ गुण मिळतात, पण ज्या धावेमुळे टॅकलची वेळच आली नाही ती कोण मोजणार? तुमचे डोळे हे बघायला तयार झालेले होते, आणि वर्षानुवर्षं तुम्ही त्यांना फक्त गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला पास) आणि क्लीन शीट (गोल न खाता संपलेली मॅच) शोधायला लावलंत.

आर्सेनलशी भिडणाऱ्या संघातला खेळाडू त्या आठवड्यात टीममध्ये ठेवायचा नाही, असा नियम करणारे लोक आहेत. तुमच्यासाठी तो पुरेसा नाही असं मला वाटतं. हा हंगाम टीम तशीच सोडून द्या, हात लावू नका. आर्सेनलची मॅच भावासोबत बघा आणि पहिल्या हाफमध्ये फक्त त्यांच्या लेफ्ट बॅककडे लक्ष ठेवा, बॉल कुठेही असला तरी. हाफ टाइमला भावाला सांगा काय दिसलं.

आणि तुम्ही कामठीत राहता! रब्बानी फुटबॉल क्लबच्या गावात. जिथे फुटबॉल घराघरात आहे तिथे राहून तुम्ही मैदानावर शेवटचं कधी गेलात ते पत्रात नाही, म्हणून विचारते. जुन्या टीममधले जे गावात आहेत त्यांना फोन करा आणि रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत भेटा. बरीच वर्षं सुटलेली असतील तर पहिले काही रविवार मॅच खेळू नका. वॉर्मअप, मग पासिंग, मग थोडं धावणं. घोटा किंवा गुडघा दुखला तर तिथेच थांबा.