लॉजिक गेट्सची ट्रूथ टेबल्स (कोणत्या ०-१ इनपुटला कोणतं आउटपुट येतं त्याचे तक्ते) पाठ होत नाहीत, नँड आणि नॉरमध्ये सतत गोंधळ होतो. परीक्षा आणि प्रॅक्टिकलसाठी सुरुवात कुठून करू?

टेबल्स पाठ करायला बसूच नका, असं मी सांगेन. प्रत्येक गेटचा एकेक नियम धरा. अँडमध्ये कुठेही ० दिसला की उत्तर ०. ऑरमध्ये कुठेही १ दिसला की उत्तर १. नॉट फक्त उलटं करतो. नँड आणि नॉर वेगळे शिकायचे नाहीतच. चिन्हाच्या टोकाला छोटं वर्तुळ (बबल) असेल तर आधी साधा अँड किंवा ऑर सोडवायचा आणि शेवटी उत्तर उलटवायचं. म्हणून नँडमध्ये एक ० आला तरी १, नॉरमध्ये एक १ आला तरी ०. एक्सऑरला इनपुट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०. आकृती काढताना बबल विसरलात तर नँडचा अँड होतो, आणि पुढचं टेबल बरोबर असूनही आकृतीचे मार्क जातात.

तीन इनपुट असले तर ८ ओळी. उजवीकडचा कॉलम एकाआड एक ०, १ असा भरा, मधला दोन-दोनचा, डावीकडचा चार-चारचा. मग एकही ओळ सुटत नाही. मोठ्या सर्किटमध्ये मधल्या प्रत्येक गेटच्या आउटपुटला नाव द्या आणि त्याचा वेगळा कॉलम करा. थेट शेवटच्या कॉलमवर उडी मारली की चूक कुठे झाली ते स्वतःलाच सापडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ बारचा, म्हणजे उलटं करायला वर काढलेल्या आडव्या रेघेचा होतो. इथे गुणाकार म्हणजे अँड आणि बेरीज म्हणजे ऑर. 'ए गुणिले बी'वर एकच लांब बार असणं आणि ए व बीवर वेगवेगळे बार असणं, या दोन गोष्टी एक नाहीत. ए = ०, बी = १ घालून बघा: लांब बारचं उत्तर १ येतं, वेगळ्या बारांचं ०. डी मॉर्गनचा नियम इथे लागतो: बार तोडला की खालचं चिन्हही बदलतं, गुणाकाराची बेरीज होते आणि बेरजेचा गुणाकार. आणि बुलियन बेरजेत १ + १ = १. सवयीने २ लिहू नका.

हा नियम पक्का झाला की 'नँड हा युनिव्हर्सल गेट आहे हे दाखवा' (म्हणजे फक्त नँड वापरून बाकीचे सगळे गेट करता येतात) हा हमखास येणारा प्रश्न सोपा होतो. दोन्ही इनपुट एकत्र जोडले की नँडचा नॉट होतो. नँडपुढे असा नॉट जोडला की अँड, म्हणजे दोन नँड. ऑरला तीन लागतात: ए आणि बी आधी वेगवेगळे उलटवा, मग तिसऱ्या नँडला द्या. एक्सऑरला चार. पहिल्याला ए आणि बी. दुसऱ्याला ए आणि पहिल्याचं आउटपुट. तिसऱ्याला बी आणि पहिल्याचं आउटपुट. चौथ्याला दुसऱ्या-तिसऱ्याची आउटपुट.

७४०० या आयसीत (चिपमध्ये) नेमके चारच नँड असतात, त्यामुळे हा एक्सऑर एकाच आयसीवर ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय वायर खोचायच्या पाटीवर) बसतो. जरूर करून बघा. पिन १४ला ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडू नका, या आयसीची कमाल मर्यादा ७ व्होल्ट आहे. नॉरच्या ७४०२मध्ये मात्र पिन १ आउटपुट आणि २, ३ इनपुट असतात. ७४००सारखी जोडणी केली की उत्तरं चुकतात आणि आपण उगाच आयसीला दोष देतो.

वायर काढली म्हणजे ० झाला, असं समजू नका. टीटीएल आयसीची (साध्या ७४००सारख्या, जुन्या ट्रान्झिस्टर प्रकारच्या) मोकळी इनपुट पिन १ असल्यासारखी वागते, म्हणून ० द्यायचा असेल तर ती ग्राउंडलाच जोडा. ७४एचसी००मध्ये (७४००च्याच सीमॉस प्रकारात) मोकळ्या पिनचा काहीच भरवसा नसतो, हात जवळ नेला तरी आउटपुट बदलू शकतं. तिथे न वापरलेल्या गेट्सची इनपुटंसुद्धा ग्राउंडला बांधून टाका.