बाहेर घालवण्याचे इंग्रजी शब्द

प्रश्न : भाडेकरूला घर सोडायला लावणे, विद्यार्थ्याला शाळेतून काढणे आणि परदेशी नागरिकाला देशाबाहेर पाठवणे या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच क्रियापद चालेल काय?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : चालणार नाही, कोण कोणाला कोठून काढतो, यावर इंग्रजी क्रियापद ठरते. घरातून किंवा जमिनीवरून कायदेशीर मार्गाने काढणे म्हणजे ‘इव्हिक्ट’, शाळेतून कायमचे काढणे म्हणजे ‘एक्स्पेल’, तर परकीयाची देशाबाहेर रवानगी म्हणजे ‘डिपोर्ट’. ‘रस्टिकेट’ हा शब्द लॅटिनमधील खेडेवाचक शब्दावरून आला असून मुळात त्याचा रोख विद्यार्थ्याला काही काळापुरते दूर धाडण्यावर आहे. आपल्याकडे मात्र तो सरसकट हकालपट्टीसाठी वापरतात, हे मला खटकते.

आपल्या शहराचेच उदाहरण घ्यावयाचे, तर १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले, ही क्रिया ‘डिपोज’. त्यानंतर त्यांना मद्रासला नेऊन ठेवले, ती ‘एक्झाइल’, आणि या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यास इतिहास धूसर होतो. पोलिसांच्या तडीपारीला ‘डिपोर्ट’ म्हणणेही चूक आहे, कारण १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील कलम ५६ नुसार माणूस ठरावीक हद्दीबाहेर जातो, देशाबाहेर नव्हे. तेथे ‘एक्सटर्न’ हेच क्रियापद योग्य.

‘किक आउट’ बोलण्यात खुशाल वापरावे, पण भाडेकरूला पाठवायच्या नोटिशीत ते शोभत नाही.