पालखीतून युद्ध चालवणारा स्वीडिश सेनापती कोण होता?

लेनार्ट टॉर्स्टेन्सन (1603–1651). युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) तो स्वीडनकडून पवित्र रोमन सम्राटाच्या, म्हणजे व्हिएन्नाहून राज्य करणाऱ्या सम्राटाच्या, फौजांशी लढला. संधिवाताने हातपाय इतके आखडले होते की कित्येकदा घोड्यावर बसणंही जमायचं नाही, म्हणून डोलीत बसून तो फौजेबरोबर फिरायचा. तरीही त्याच्या कूचाचा वेग शत्रूला झेपत नसे.

लहानपणी तो स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फच्या सेवेत लागला. पुढे नेदरलँड्समध्ये युद्धशास्त्र शिकला आणि स्वीडनच्या तोफखान्याचा प्रमुख झाला. माणसांनी ओढता येतील अशा हलक्या तोफा पायदळाबरोबर पुढे न्यायच्या, ही त्या सैन्याची खरी ताकद. 1631 ची जर्मनीतल्या ब्रायटनफेल्डची लढाई बघा, म्हणजे पटेल; ती स्वीडनने जिंकली. 1632 मध्ये न्यूरेंबर्गजवळ तो पकडला गेला आणि जवळपास वर्षभर इंगोलश्टाटच्या कैदेत राहिला. तब्येत तिथेच ढासळली.

1641 मध्ये त्याला फील्ड मार्शल करून जर्मनीतल्या सैन्याची सूत्रं दिली. पुढच्याच वर्षी ब्रायटनफेल्डलाच दुसरा विजय. 1643 च्या अखेरीस मोराव्हियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) थेट उत्तरेला मुसंडी मारून त्याने डेन्मार्कचं जटलंड गाठलं. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी मात्र 6 मार्च 1645 ची, बोहेमियातल्या यांकाऊची: सम्राटाचा एक सेनापती, ग्योट्झ, ठार झाला, दुसरा, हात्झफेल्ट, कैद झाला आणि व्हिएन्नाची वाट मोकळी झाली. पण मोराव्हियातल्या ब्रनो शहराला त्याने घातलेला वेढा फसला, दुखणं बळावलं आणि त्याने सैन्याची सूत्रं खाली ठेवली. 1647 मध्ये राणी क्रिस्टिनाने त्याला काउंट केलं. चार वर्षांनी स्टॉकहोममध्ये तो वारला.