‘नो पबकी’ आलं म्हणून ‘ट्रस्टेड=येस’ लिहू नका

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप बदलताना जुनी जीपीजी किल्ली (डिजिटल सही करायची) गेली, नव्या किल्लीने रेपॉझिटरीवर (मशीन जिथून पॅकेजं घेतात त्या साठ्यावर) सही केली, आणि आता वीस डेबियन लिनक्स मशीनवर ‘नो पबकी’, म्हणजे सही तपासायला सार्वजनिक किल्ली नाही, अशी तक्रार येतंय. कुणीतरी सोर्सच्या (रेपॉझिटरीचा पत्ता असलेल्या) ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहायला सांगितलंय. कृपा करून तेवढं करू नका. त्याने त्या सोर्सची सही तपासणंच बंद होतं, आणि तात्पुरती म्हणून लिहिलेली ती ओळ मग कुणी काढत नाही.

अगदी हेच माझ्यावर बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत गुदरलंय. 38 डेबियन मशीन, बाहेरचं इंटरनेट नाही, आतल्या सर्व्हरवर रेप्रेप्रो (रेपॉझिटरी सांभाळणारं साधन). मांडणी तुम्हाला येतेच, ती सोडतो. माझी चूक एवढीच, की खासगी किल्ली (सही करणारी, जोडीतली गुप्त) फक्त माझ्या लॅपटॉपवर होती. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तर दुरुस्ती विभागाने न विचारता फॉरमॅट करून परत केला. जाब विचारला तर म्हणाले, डेटा ठेवायचा असं फॉर्मवर लिहिलं नव्हतं. तीन खेटे घातले, साधी दिलगिरीसुद्धा नाही. आजही संताप होतो.

पण खरं नुकसान पुढे झालं. नवी किल्ली केली आणि मशीनची यादी घेऊन तिची सार्वजनिक प्रत उत्तरायणाच्या आधी पेनड्राइव्हने मशीनमशीनवर टाकत फिरलो. यादीच जुनी होती, नऊ मशीन राहिली. त्यांच्यावर ॲप्ट (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) अपडेट रोज चालायचं, पण सही जुळली नाही तर ॲप्ट नुसती वॉर्निंग देतं, आधीची इंडेक्स (पॅकेजांची यादी) वापरतं आणि एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतं. माझी स्क्रिप्ट तोच बघत होती. सगळं हिरवं दिसत होतं आणि तीन महिने त्या मशीनवर एकही सुरक्षा पॅच पोचला नव्हता.

म्हणून आधी स्क्रिप्टमध्ये ॲप्ट-गेट अपडेटला ‘--एरर-ऑन=एनी’ जोडा, म्हणजे अशा वेळी शून्य येणार नाही. डेबियन 11 पासून चालतं. मग वीसही मशीनवर नवी सार्वजनिक किल्ली एसएसएचने किंवा हाताने टाका, ‘ईटीसी’खालच्या ‘ॲप्ट/कीरिंग्ज’मध्ये, आणि सोर्समध्ये ‘साइन्ड-बाय’ने तिचाच पत्ता द्या. ॲप्ट-की (किल्ली घालायची जुनी आज्ञा) विसरा. मशीनची यादी सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगशी (कोणतं मशीन कधी आलं त्या नोंदींशी) ताडून बघा, कुणाच्या आठवणीवर विसंबू नका.

त्यानंतर किल्लीचंच एक छोटं पॅकेज करा, डेबियनचं ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ असतं तसं, आणि त्यात पुढच्या किल्लीची सार्वजनिक प्रतही आत्ताच घाला. किल्ली बदलायची वेळ आली की मशीनकडे ती आधीच असेल. दोन्ही खासगी किल्ल्यांची प्रत पेनड्राइव्हवर, कुलुपात. आमचं जाळं बाहेरच्या जगाला जोडलेलं नव्हतं. तुमची रेपॉझिटरी बाहेरून दिसत असेल तर खासगी किल्ली सर्व्हरवरही ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता: या गडबडीत एखादं पॅकेज पुन्हा बिल्ड केलंत तर आवृत्तीचा आकडा वाढवा. जुन्याच आकड्याखाली नवी फाइल ठेवली की ‘हॅश सम मिसमॅच’ (फाइल नोंदीशी जुळत नाही) येऊ शकतो, आणि मग दोष किल्लीचा की फाइलचा हे शोधण्यात दिवस जातो.