आईला मधुमेह आणि बीपी आहे, हल्ली ती विसरते: हे वय की अल्झायमर?

तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांची आहे, देवगडकडच्या गावात एकटी राहते आणि मधुमेह-बीपीच्या गोळ्या गेली बारा वर्षं चालू आहेत. गणेश चवथीला घरी गेलात तेव्हा ती एकच गोष्ट तीन-तीनदा विचारत होती आणि एकदा गॅस तसाच चालू राहिला. वयामुळे असं होतं का, एमआरआय करून घ्यावा का, आणि तिला मुंबईला आणावं का, हे तुमचे प्रश्न.

मी सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून ओपीडी पाहते. चवथीनंतरच्या दिवसांत असे रुग्ण हमखास येतात, कारण शेजारपाजाऱ्यांना रोजच्या सवयीने न जाणवलेला बदल मुंबईहून आलेल्या मुलांच्या चटकन लक्षात येतो. तुम्हाला जे दिसलं ते खरं धरा. माणसाचं नाव पटकन न आठवणं, चष्मा ठेवलेली जागा विसरणं हे वयाचं समजता येतं. मघाशी झालेलं बोलणंच पुसलं जाणं आणि गॅस चालू राहणं वयावर ढकलू नका. पण लगेच अल्झायमरवरही उडी मारू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं, म्हणजे आजार दुर्मीळ नाही. तरी बीपी-शुगरच्या ओपीडीत येणाऱ्या पेशंटची बुद्धी मंदावण्यामागे बहुतेक वेळा एकच मोठं कारण नसतं, चार-पाच लहान कारणं एकत्र आलेली असतात. त्यातली काही दुरुस्त होण्यासारखी असतात, म्हणून मी आधी तीच शोधते.

सुरुवात औषधांच्या पिशवीपासून करा. मी पेशंटला सगळी पिशवी टेबलावर ओतायला सांगते. शुगर-बीपीच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, गुडघ्याच्या दुसऱ्यांच्या, झोपेची गोळी कुणीतरी कधीतरी दिलेली आणि पुढे मेडिकलमधून तशीच आणत राहिलेली. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, पायांची आग होते म्हणून दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी धरवत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, ही तिन्ही औषधं स्मरणशक्तीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात. तरुणाला नुसती सुस्ती येते, साठीनंतर माणूस गोंधळतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळ्यांनीही तसाच गोंधळ होतो. मात्र झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यातून झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायची असते.

मधुमेहाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जाऊ शकतं. ‘आम्ही मासे खाणारी माणसं, आमचं बी-१२ कसं कमी होणार’ असं मला नेहमी ऐकवलं जातं, पण आहारात आहे म्हणून ते शोषलं जातंच असं नाही. तपासणी साधी आहे आणि कमतरता निघाली तर इंजेक्शन-गोळ्यांनी भरून काढता येते. दुसरी गोष्ट मला जास्त भीतीची वाटते: शुगर फार खाली जाणं. संकष्टीला किंवा श्रावणी सोमवारी सकाळी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि उपवास सुटेपर्यंत चहावर राहायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. तरुणाला घाम सुटतो, हात थरथरतात. वयस्कर माणूस कधीकधी फक्त असंबद्ध बोलतो आणि घरचे म्हणतात, म्हातारपण. असे तीव्र प्रसंग पुन्हा पुन्हा घडले तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे वयाने थकलेल्या पेशंटमध्ये एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.५ पर्यंत उतरवण्याचा हट्ट मी धरत नाही. आईसाठी किती योग्य ते तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हेही.

पन्नाशी-साठीत वाढलेला बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वरचा बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये सौम्य बौद्धिक घट सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसली. पण त्या चाचणीत मधुमेही नव्हते, त्यामुळे १२० हा आकडा आईला तसाच लावू नका. उलट दिशेनेही बिघडतं. डॉक्टरांनी सुकी मासळी-लोणचं कमी करा म्हटलं की काहीजणी मीठ पूर्ण सोडतात, वर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी चालूच असते. मग रक्तातलं सोडियम उतरतं आणि बाई दिवसभर गुंगीत. अशी पेशंट सोडियम जागेवर आल्यावर पूर्वीसारखी बोलायला लागलेली मी पाहिली आहे.

आता एक खास आपल्याकडचं. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. आई जून-जुलैमध्ये कधी घसरून पडली होती का, हे नीट विचारा, तिला आणि शेजाऱ्यांनाही. डोक्याला लागलेला मार तेव्हा किरकोळ वाटतो, पण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं आणि काही आठवड्यांनी विसराळूपणा, डोकेदुखी, चालताना झोक जाणं सुरू होतं. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर धोका जास्त. पडल्याचं कळलं तर मात्र थांबू नका, लगेच सीटी स्कॅन करा.

कान आणि डोळे यांच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुष्कळदा पेशंट विसरलेला नसतो, त्याला ऐकूच आलेलं नसतं. २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत, धोका जास्त असलेल्या वयस्करांमध्ये श्रवणयंत्राने तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. सगळ्यांना मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही, हेही खरं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारखे १४ घटक सांगितले. त्यात ऐकू कमी येणं आहे, दिसणं कमी होणं आहे, मधुमेह-बीपी आहेत, आणि एकटेपणा व नैराश्यही आहे.

नैराश्याचं वेगळं सांगते. बाबा गेल्यापासून आई कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भजनाला जाते का? वाडीतल्या बायकांत बसते का, की दार लावून टीव्हीसमोर? ‘माका काय आठवणा नाय’ असं पेशंट स्वतः कळवळून सांगतो तेव्हा मी नैराश्याचा विचार आधी करते. खऱ्या स्मृतिभ्रंशात तक्रार बहुधा घरचेच करतात, पेशंट म्हणतो मला काही झालेलं नाही. हा नियम पक्का नाही, पण उपयोगी पडतो.

डॉक्टर ३० गुणांची स्मरणचाचणी घेतील. आईचं शिक्षण किती हे त्यांना आधी सांगा. शाळा कमी झालेल्या माणसाला या चाचणीत गुण कमीच पडतात. माझ्याकडे येणारी एक मासेविक्री करणारी बाई शंभरातून सात वजा करताना अडखळते, तारीख सांगत नाही, पण तिथी अचूक सांगते आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे तोंडी हिशेबाने परत करते. नुसता आकडा बघितला तर ती आजारी ठरेल. आईची तुलना तिच्या दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःशी करा.

रक्ताच्या तपासण्यांत शुगर, एचबीए१सी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि हिमोग्लोबिन पुरे. हे झाल्यावर एमआरआयचं ठरवता येईल, बरेचदा तो लागतोही. पण गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला, ताप आला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर तपासण्यांची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. भातशेतीत वावर असेल तर तापात लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग) विचार करावा लागतो.

मुंबईचा निर्णय आत्ता घेऊ नका. अंगवळणी पडलेल्या घरात आई जे बिनबोभाट करते, ते अनोळखी फ्लॅटमध्ये तिला जमणार नाही आणि गोंधळ वाढलेला दिसेल. एक आठवडा रजा काढून तुम्हीच गावी या, पिशवी घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे बसा. तोवर शेजारच्या कुणाला तरी सकाळ-संध्याकाळ डोकवायला सांगा आणि आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरून ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली की इथे लिहा, मग राहण्याचं बोलू.