देणगी द्यायची आहे, पण इतक्या संस्थांमधून निवड कशी करावी?

मी आधी बघतो, कामाचा परिणाम मोजलाय का. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं: घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची. त्यातून नवजात बालकांचे मृत्यू किती घटले, हे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकड्यांनिशी मांडलं. असं काम दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. रडक्या फोटोंचे ‘फक्त आजच’वाले मेसेज मात्र सरळ डिलीट! ऑडिट रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर पुढचं दार. दहा ठिकाणी शंभर-शंभर वाटण्यापेक्षा एकाच संस्थेला दरमहा द्या, त्यांना पगाराचं गणित बसवता येतं. करसवलत हवी असेल तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.